मोठ्या मशीनची ट्रायल

माझ्या नवऱ्याचा पहिला संसार माझ्याशी झाला आणि दुसरा एका करवतीशी. हे मी चारचौघांत हसत हसत सांगायचे आणि ऐकणारेही हसायचे. पण मनातून मला त्या सवतीचा खरोखर राग होता.

सवत साधीसुधी नव्हती. पेट्रोलवर चालणारी, लांब पट्टीभोवती दातेरी चेन फिरवणारी, झाडं कापायची परदेशी मशीन. माझ्या लग्नाहूनही जुनी. हल्ली दुकानात चेन-सॉ म्हणून मिळतात त्या मशिनी हलक्या, प्लास्टिकच्या, रंगीत असतात. ही नखशिखांत धातूची होती. इंजिन जवळजवळ स्कूटरच्या इंजिनाएवढं, आणि वजन असं की उचलणाऱ्याच्या तोंडून देवाचं नाव निघावं. कुठल्याशा लिलावात ती भंगाराच्या ढिगात पडली होती. ह्यांनी ती घरी आणली, अंगणात ठेवली आणि मला हाक मारली. मी बाहेर येऊन पाहते तो गंजाने लाल झालेलं एक धूड, आणि त्याच्या शेजारी शाळेतून बक्षीस आणल्यासारखा चेहरा करून उभा असलेला माझा नवरा. “पदरी पडलं पवित्र झालं,” एवढंच म्हणून मी आत गेले. ते मी मशीनबद्दल म्हणाले की नवऱ्याबद्दल, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आम्ही मूळचे इकडचे नव्हे. सासरे वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आले. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं आणि त्याच्याबरोबर सासरेही राहिले. त्यांचा मुलगा, म्हणजे हे, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागला आणि त्याने सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासायचा आणि पास की नापास ते सांगायचं. त्यांच्या सेक्शनचा एक नियम होता, ज्याची वस्तू त्याचा हात नाही. बनवणाऱ्याने आपलीच वस्तू तपासायची नाही, कारण आपल्या वस्तूला आपला हात नकळत सांभाळून घेतो. हा नियम ते घरीही पाळायचे. वांग्याची भाजी चाखून मी “छान झाली” म्हटलं की लगेच उत्तर यायचं, “तू काहून सांगून राहिली? तू बनवली ना? आम्ही सांगू.” आणि मग घास चावत इतका वेळ विचार करायचे की भाजी निवून जायची.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही शहरातच मदन महल भागात घर केलं. पहिले काही महिने फार वाईट गेले. जन्मभर तपासणी केलेल्या माणसाला घरात तपासायला उरलं काय, तर मी. डाळीच्या शिट्ट्या, दुधाचं माप, कपड्यांच्या घड्या. एकदा मी भडकलेच. म्हटलं, “अहो, ते अंगणातलं भंगार तपासा ना, मला सोडा!” त्यांनी ते मनावर घेतलं. अनेक महिने आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे नट, बोल्ट, पेट्रोलमध्ये बुडवलेले पार्ट आणि माझे हरवलेले वाटी-चमचे. आणि मग एका सकाळी दोरी ओढल्यावर मशीन गर्जली. अख्खी गल्ली बाहेर आली. ते धुरात उभे होते आणि हसत होते. नोकरी सुटल्यानंतर मी त्यांना असं हसताना प्रथमच पाहिलं.

पुढे जे झालं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं. शहरात फांद्या छाटणारे पुष्कळ; पण जुनं, कवेत न मावणारं खोड समोर आलं की सगळे कानावर हात ठेवत. वाऱ्याने पडलेला आंबा, वाळलेला अर्जुन, रस्त्यात आडवा झालेला शिरीष. असलं काही असलं की फाटकाशी हाक यायची, “बडी मशीनवाले दादा हैं क्या?” दादा वर्तमानपत्र टाकून उठायचे ते पायात चप्पल न घालताच. कुणाला तरी आपण लागतो, हे त्यांना परत मिळालं होतं. मला त्या मशीनच्या आवाजाचा वैताग यायचा, कपड्यांच्या तेलकट डागांचा यायचा, पण ती हाक आली की बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात त्यांची बोटं पांढरी पडायला लागली. आधी नुसती टोकं, पुढच्या हिवाळ्यात मुळापर्यंत, मेणबत्तीसारखी पांढरीफटक. शर्टाचं बटण लावायला मी लागायची. पूर्वी चेनच्या दातांना कानस मारून झाली की धार ते अंगठ्याने पाहायचे. आता चेन माझ्यापुढे धरून म्हणायचे, “पाहा बरं, लागून राहिली का?” मग कणकेचे हात धुऊन मी चेनच्या एकेका दातावर हळूच अंगठा टेकवायची आणि हा लागतो, हा बोथट आहे, असं सांगायची. त्यांच्या बोटांची नोकरी माझ्या बोटांना लागली होती.

इथपर्यंतही मी फार बोलले नाही. पण एके दिवशी मी देवापाशी बसले होते आणि ह्यांनी तव्यावरची पोळी हाताने उलटली. हाताने ते नेहमीच उलटायचे. मला जळल्याचा वास आला म्हणून मी उठून पाहिलं, तर पोळी उलटली होती आणि बोट तव्यालाच टेकलेलं होतं. मी किंचाळून त्यांचा हात ओढला. ते मलाच म्हणतात, “काहून ओरडून राहिली?” त्यांना काही कळलंच नव्हतं. संध्याकाळी फोड आला. मी त्याला मलम लावत होते आणि ते फोडाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाच्या बोटावर आलाय.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मशीनची थरथर हातात जाते, तिने बोटांतल्या बारीक नसा मरतात. जुन्या मशीनचं हँडल थेट इंजिनावर आवळलेलं, त्यामुळे सगळीच्या सगळी थरथर हातात. गेलंय ते परत येईल असं नाही; पण आत्ता थांबवलं तर उरलंय तेवढं राहील. घरी येताना हे म्हणाले, “डॉक्टर तरुण आहे.” म्हणजे काय, ते मला आजतागायत समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी हाक आली आणि मशीन खांद्यावर घेऊन स्वारी निघाली. मी दारात उभी राहून बोलायचं ते सगळं बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या जावयांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. पंप, फवारणीची यंत्रं आणि अलीकडे चेन-सॉसुद्धा. माणूस भला. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत हिंदीत घसरतात. माझ्या सांगण्यावरून त्यांनी दुकानातली मोठ्यात मोठी नवी मशीन घरी आणली.

“बाबा, एक बार चलाके तो देखिए,” ते म्हणाले. “हँडल आणि इंजिनच्या बीचमें स्प्रिंग आहेत. झटका हाताला येतच नाही. चेनला तेल पण आपोआप जाते. वजन तर आधा.”

ह्यांनी मशीन एका हाताने उचलली, कानाशी हलवली, खाली ठेवली. “छान आहे जावईबापू. दाढी करायला चांगली आहे.”

“बाबा, ही जुनीपेक्षा तेज फिरते.”

“पंखा पण तेज फिरते.”

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. जेवायला बसलो तरी तेच चालू, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी वाढता वाढता भाताचा डाव पातेल्यात आपटला आणि म्हणाले, “तुम्ही इन्स्पेक्शनवाले ना? ट्रायल न घेता नापास कसं केलं?”

त्यांचा घास हातातच राहिला. ट्रायल न घेता त्यांनी आयुष्यात काही नापास केलं नव्हतं, आणि हे बोलणारी मी आहे हे त्यांना जास्त लागलं. हात धुऊन आले तेव्हा अटी तयार होत्या. एकच खोड. दोन्हीकडे सारख्याच लांबीची पट्टी. दोन्ही चेनना ताजी कानस. काप शेजारी शेजारी, एका सालीपासून दुसऱ्या सालीपर्यंत. आणि ज्याची वस्तू त्याचा हात नाही. नवी मशीन ते चालवतील, जुनी जावईबापू.

“नवी जिंकली तर मोठी मशीन ग्रीस लावून पोत्यात,” ते म्हणाले. “कायमची. पण मोठी जिंकली, तर माझ्या हाताबद्दल या घरात कोणी बोलायचं नाही. तू पण नाही.”

“कबूल,” मी म्हणाले. म्हणून तर बसले. तव्यावर टेकलेलं बोट डोळ्यांपुढून हलेना. मोठी जिंकली तर उरलेले हातही जाताना मला मुकाट्याने पाहावं लागणार होतं.

बरगी धरणाच्या अलीकडच्या एका गावात पावसाळ्यातल्या वाऱ्याने एक म्हातारी चिंच उन्मळून पडली होती. शेतकऱ्याची गाडीवाटच तिने अडवली होती, आणि ते काम आमच्याकडेच आलं होतं. थंडीतल्या एका सकाळी टेम्पोने आम्हाला दोन्ही मशिनींसकट तिथे सोडलं आणि दुपारी येतो सांगून तो निघून गेला. आम्ही म्हणजे हे, जावई आणि मी. मी साक्षीदार म्हणून गेले होते. निकाल लागल्यावर अर्थाचा अनर्थ करायला हे किती हुशार आहेत, ते मला ठाऊक होतं. धरणाच्या पाण्यावरून येणारं धुकं अजून शेतावर होतं. शेतकरी आणि त्याची बायको शेकोटीपाशी बसून आमची गंमत बघायला तयारच होते.

आधी फांद्या. त्या जावयांनी नव्या मशीनने काकडी चिरावी तशा उडवल्या. कर्कश आवाज करत ती या फांदीवरून त्या फांदीवर जायची, आणि माणूस दमतोय असं वाटतही नव्हतं. मला आशा वाटायला लागली. हे म्हणाले, “फांद्यांचं काय, त्या तर कोयत्याने पण होतात.” पण म्हणाले जरा हळू आवाजात.

मग खोडाची वेळ आली. जावयांनी मोठी मशीन उचलली. उचलली म्हणजे अर्धी उचलली, आणि तिथेच वाकून राहिले. “आई गं,” असं शुद्ध मराठीत ओरडले. कमरेत अशी चमक भरली की त्यांना ना सरळ होता येई ना खाली बसता येई. शेतकऱ्याने खाट आणली, आम्ही त्यांना धरून आडवं केलं. आता जुनी मशीन चालवणार कोण? शेतकऱ्याला विचारलं तर त्याने कोपरापासून हात जोडले. “नहीं दादा, हम इसको दूरसे राम राम करते हैं.”

ह्यांचा चेहरा उजळला. “चलो! मग ट्रायल रद्द. मीच कापून टाकतो,” असं म्हणून ते मोठ्या मशीनकडे निघालेसुद्धा.

“थांबा,” मी म्हणाले. “मी चालवते.”

“येडी झाली का?”

“काहून? मी बनवली नाही, मी विकत घेतली नाही. नियमात बसते.”

“तुला ती हरायलाच पाहिजे आहे. तू ढील देशील.”

“शेजारी उभे राहा ना मग. ढील दिली तर मला नापास करा. आणि माझ्यासारखीच्या हातून जिंकली, तर कोणाला बोलायला जागाच राहायची नाही. पाहा.”

ते विचारात पडले. त्यांच्यातल्या इन्स्पेक्टरला हे पटून राहिलं होतं, नवऱ्याला पटत नव्हतं. शेवटी इन्स्पेक्टर जिंकला. “साडी घालून नाही,” ते म्हणाले. “पदर अडकला तर संपलं.” टेम्पोतून उतरवलेल्या पिशवीत त्यांची एक जाड खाकी पँट असायची. ती घेऊन मी शेतकऱ्याच्या घरात गेले. कमरेला सुतळी बांधली, वरून त्यांचा कॅनव्हासचा कोट घातला, डोक्याला फडकं आवळलं. शेतकऱ्याची बायको हसून हसून भिंतीला टेकली. “दीदी, बिल्कुल थानेदार लग रही हो,” म्हणाली. मलाही हसू आलं. पण मनात माझा बेत पक्का होता. मी ढील देणारच होते. नवऱ्याची बोटं वाचत असतील तर एका ओंडक्यावर थोडी लबाडी करायची, त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

आधी पाळी ह्यांची. खाटेवर पडल्या पडल्या जावयांनी मोबाइलवर वेळ लावली. उंटावरून शेळ्या हाकाव्या तसं त्यांचं चाललं होतं, “हां बाबा, शुरू!” मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, हे मुद्दाम कुठे ढील देतात का. नाही. दाढीची मशीन म्हणून हिणवलेल्या त्या मशीनला त्यांनी असं जपून, असं समजून चालवलं, जसं काही ती त्यांची स्वतःचीच. वरचं पांढरं लाकूड बघता बघता सरलं. पण चिंचेचा गाभा काळा आणि दगडासारखा असतो. तिथे पूर्ण लांबीची पट्टी अडकल्यावर नवी मशीन दाबली की गुदमरायची. मग हे तिला जरा वर घ्यायचे, तिचा श्वास परत येऊ द्यायचे आणि पुन्हा टेकवायचे. पिठासारखा बारीक भुसा पडत होता. तुकडा तुटून पडला तेव्हा ते घामाघूम झाले होते. “चांगली आहे,” ते जावयांना म्हणाले. “खोटं नाही बोलणार. फांद्यांना एक नंबर. गाभ्यात कमी पडते.”

मग मी. दोरी त्यांनी ओढून दिली. मशीन खोडावर टेकवून दिली, पुढचे लोखंडी काटे सालीत रुतवून दिले आणि माझा अंगठा एका बटणावर ठेवला. “हे दाबत राहायचं, तेव्हा चेनला तेल जाते. बाकी काही करू नको. तिला धरून राहा.” आणि ते बाजूला झाले.

मला वाटलं होतं मी हळू चालवीन. पण त्या मशीनला माझ्या जोराची गरजच नव्हती. तिचं वजनच तिला खाली नेत होतं. मी ओढून धरायला बघायची आणि ती आपली डगडग करत, घुमत, सावकाश उतरत जायची. नव्या मशीनसारखी तिला घाई नव्हती, पण ती थांबतही नव्हती. गाभा आला कधी आणि गेला कधी, आवाजात काही फरक पडला नाही. भुसा कसला, चांगल्या बोटभर ढलप्या माझ्या पायांवर येऊन पडत होत्या. ह्यांना काय आवडत होतं ते मला तेव्हा कळलं. एवढी ताकद आपल्या दोन हातांत आहे, असं माणसाला वाटायला लागतं. माझी सवत देखणी होती.

आणि त्याच वेळी ती ताकद माझ्या हाडांत शिरत होती. आधी तळवे, मग मनगटं, मग कोपर, मग दात. बांगड्या काढल्या होत्या तरी मनगटावर त्या वाजताहेत असं वाटत होतं. तेलाच्या बटणावरचा अंगठा दाबला जातोय की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. सोडून द्यावंसं वाटत होतं. पण सोडायचं कसं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्यात खोड कडाडलं, तुकडा कोसळला, आणि ह्यांनी धावत येऊन मशीन बंद केली.

खाटेवर जावयांनी मोबाइल छातीशी धरून ठेवला. हेच त्यांच्याकडे गेले, मोबाइलमध्ये डोकावले आणि टाळी वाजवून ओरडले, “पास! मोठी मशीन पास!” मोठी जिंकली होती, आणि थोडक्यात नव्हे. परत येऊन त्यांनी कापलेल्या चकतीवर हात फिरवला, शेतकऱ्याला बोलावून दाखवली, गाभ्याचा काळा रंग दाखवला. इतके खूश होते! “सांगितलं होतं ना? बायकोच्या हातात पण जिंकली! नवऱ्याच्या मशीनने बायकोला हरवलं, अन् तेही बायकोच्याच हातून!”

मी कबूल केलं होतं ना. यापुढे बोलायचं नव्हतं. मी खोडाच्या बुंध्याशी बसले आणि मला रडू यायला लागलं. रागाचं रडू होतं ते, मशीनपेक्षा माझ्या तोंडाचा राग, ज्याने पैज मारली होती. शेतकऱ्याच्या बायकोने स्टीलच्या पेल्यातून चहा आणला. मी पेला घेतला असं मला वाटलं. तिलाही मी घेतला असंच वाटलं असणार, कारण तिने हात सोडला. पेला माझ्या बोटांतून सरळ खाली गेला आणि चहा खाकी पँटवर सांडला. मी बोटांकडे बघत होते. ती उघडी होती. मला ती मिटलेली वाटत होती.

ह्यांचं हसणं थांबलं. ते जवळ आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. त्यांनी माझी बोटं दाबली, चोळली, पुन्हा दाबली.

“गार पडली का गं?” त्यांनी विचारलं.

“धरून तर बसलात तुम्ही,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगा ना.”

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या पकडीत माझी बोटं होती, आणि माझ्या बोटांना त्यांची पकड कळत नव्हती. शेकोटीतलं लाकूड तडतडत होतं.

“मला समजून नाही राहिलं,” ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. डॉक्टरांपुढे नाही, माझ्यापुढे नाही, फोड आला तेव्हाही नाही. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हणाले, “होईल थोड्या वेळात ठीक,” आणि हे मी माझ्या हातांबद्दल म्हणाले.

ते उठले. मोठ्या मशीनची टाकी त्यांनी शेतकऱ्याच्या डब्यात रिकामी केली, पट्टी काढली, चेन काढून पुडक्यात बांधली. “जावईबापू,” ते म्हणाले, “तुमची मशीन ठेवून घेतो मी. गाभ्यात कमी पडते, ते लक्षात ठेवून चालवीन.” मोठी जिंकल्याची आठवण करून द्यायला जावयांनी तोंड उघडलं, पण मी डोळे वटारले. उरलेलं खोड ह्यांनी नव्या मशीननेच कापलं. मधूनमधून थांबत, कानस मारत, कुरकुर करत. टेम्पो येऊन उभा राहिला तरी काम सरलं नव्हतं. राहिलेलं दुसऱ्या दिवशी येऊन करीन, असं शेतकऱ्याला सांगून आम्ही निघालो.

कंबर धरलेले जावई पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि आम्ही दोघं मागे, मशिनींच्या शेजारी. वाटभर ह्यांचं एकच चाललं होतं. “मुंग्या गेल्या का?” मी म्हणायची, “आहेत अजून.” थोडं अंतर गेलं की पुन्हा, “आता?” मी म्हणायची, “आहेत.” त्यांच्या आवाजात अशी काळजी मी बाळंतपणानंतर ऐकली नव्हती.

तिलवाऱ्याचा पूल आला. खाली नर्मदा दिसली आणि सवयीने मी हात जोडले. तळव्याला तळवा टेकला तो मला नीट कळला. बोटाला बोट कळलं.

“गेल्या,” मी म्हणाले.

“सगळ्या?”

“सगळ्या. पहिल्यासारखं झालं.”

मग त्यांनीही नदीकडे तोंड करून हात जोडले, घट्ट जोडले, एकमेकांवर दाबून पाहिले, आणि पूल सरून गेला तरी सोडले नाहीत.

“अच्छा,” ते म्हणाले. “म्हणजे जातात तर.”